पांदीवरचं घर

“सिनेमा टाकाऊ आहे,” पंचाक्षरी म्हणाला. “घराची भिंत रंगवलेल्या कापडाची. वारा सुटला की घर हलतंय. नायक मरतो, तरी त्याचं पोट वरखाली होतंय.”

“आनि बैल?” तात्याबा म्हणाला. “सुरवातीला पांढरा हाय, शेवटाला तांबडा. लई हसलो की मी.”

सिद्धलिंगप्पा हसला नाही. त्यानं सोळा एमेमच्या मशीनवरून रीळ अलगद उतरवलं आणि डब्यात ठेवलं.

दर रविवारी दुपारी त्याच्या माडीवर, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत खिडक्या लावून सिनेमा चाले. टॉवेल-चादरींचा कारखाना बरा चालला होता, मूलबाळ नव्हतं, तेव्हा हा एक नाद. थिएटरात आठवडाही न टिकलेले मराठी सिनेमे तो मिरजेच्या एका एजंटाकडून रद्दीच्या भावात उचलायचा आणि आपल्याच कारखान्यातली पांढरी चादर भिंतीला ठोकून घरी दाखवायचा. चहा फुकट होता, पण मत दिल्याशिवाय कुणाला उठता येत नसे. सुताचा व्यापारी पंचाक्षरी आणि कारखान्यात मागांवर देखरेख करणारा जॉबर तात्याबा हे कायमचे प्रेक्षक.

गिरिजाबाईला मात्र कुणी मत विचारत नसे. ती बायको, तिनं चहा आणायचा. ‘पांदीवरचं घर’ लागला की ती तेवढंही धड करत नसे. कपबशा दाराशी ठेवून आत निघून जाई.

“वैनीला ही नटी आवडत न्हाय वाटतं,” तात्याबा म्हणाला.

“कशी आवडेल?” पंचाक्षरी म्हणाला. “नवरा महिन्यातून तीनदा तिलाच बघतोय की.”

त्यात खोटं काही नव्हतं. सिनेमात एक प्रसंग होता. नवरा दुसरीच्या नादानं घर सोडून निघतो. बायको रडत नाही, पाय धरत नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणते, “जाताय तर जा. पण जेवून जा.” त्या वाक्यासाठी सिद्धलिंगप्पानं रीळ इतक्यांदा मागे फिरवलं होतं की तेवढ्या जागी चादरीवर नुसत्या रेघा दिसायच्या. आवाज मात्र शाबूत होता.

“मला असं कुणी म्हटलं असतं ना,” तो म्हणाला, “तर मी घराबाहेर पाऊल टाकलं नसतं.”

आत भांडं वाजलं. दोघा पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा संपवला.

सकाळी सिद्धलिंगप्पा अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्याला निघाला की गिरिजाबाई त्याच्या हातात डबा देई आणि म्हणे, “आयतु.” म्हणजे झालं. नसेल तर “इल्ल.” म्हणजे नाही. या दोन कानडी शब्दांवर तिचा संसार चालला होता.

ती कोल्हापूरच्या खानावळवाल्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला कानडी धड येत नव्हतं आणि सासूला घरात मराठी खपत नसे. पहिल्याच महिन्यात पाहुण्यांना वाढताना ती काहीतरी चुकीचं कानडी बोलली. सगळी पंगत हसली. सगळ्यात मोठ्यानं सिद्धलिंगप्पा हसला होता. “आधी भाषा शीक,” तो म्हणाला होता, “मग तोंड उघड.”

ती भाषा शिकली. पुढे सासूही गेली. पण तोंड उघडायचं ते राहूनच गेलं. सिद्धलिंगप्पाला कधीकधी याचं फार वाईट वाटे. मग तो मनाची समजूत घाली, बाई मुळातच अबोल, आपण काय करणार.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात पंचाक्षरीला ती नटी सापडली. कुमुदिनीबाई. केमच्या स्टेशनमास्तरची बायको होऊन सुखात होती. पुढच्याच रविवारी तो तिला घेऊन आला.

“पाहुणी येतेय,” सिद्धलिंगप्पानं सकाळी बायकोला कानडीत बजावलं होतं. “आज तरी आत जाऊन बसू नको.”

“आयतु,” गिरिजाबाई म्हणाली. आणि पाहुणीला पाणी देऊन आत जाऊन बसली.

कुमुदिनीबाई आता अंगानं सुटली होती, चष्मा लागला होता. बोलणं बारीक आणि नाकातलं. प्रवासात सर्दी झाली असेल, असं सिद्धलिंगप्पाला वाटलं. स्वतःला चादरीवर बघून ती पोट धरून हसली. तांबड्या बैलापाशी तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तो प्रसंग येऊन गेला तशी सिद्धलिंगप्पानं मशीन थांबवलं.

“बाई, आमचं मत ऐका. सगळा सिनेमा एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. तेवढं एकदा म्हणून दाखवा की.”

तिचं हसू मावळलं. “तेच तर माझं नव्हे हो. माझा आवाज हा असा. मी नुसते ओठ हलवले. आवाज मागाहून कोल्हापुरात भरला. स्टुडिओत जेवणाचे डबे पोचवणारी कुणी मुलगी होती म्हणे. लग्न ठरलेलं, म्हणून तिनं नाव घालू दिलं नाही. मी तिला पाहिलंसुद्धा नाही.”

सिद्धलिंगप्पाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं आपण भलतीकडेच बघत बसलो, एवढंच त्याला कळलं.

“आता कुठं असते ती?”

“कोण जाणे. असेल कुठंतरी संसारात.”

तात्याबानं खिडक्या उघडल्या. केमच्या गाडीची वेळ होत आली होती. कुमुदिनीबाईनं पिशवी उचलली, पदर सावरला आणि सगळ्यांना नमस्कार केला. सिद्धलिंगप्पाला तिला थांबा म्हणायचंही सुचलं नाही. तो रिळाच्या डब्यावर हात ठेवून बसून राहिला.

मशीन बंद होतं. चादर कोरी होती.

“जाताय तर जा,” स्वयंपाकघराच्या दारातून गिरिजाबाई मराठीत म्हणाली. “पण जेवून जा.”