पंधरा दिवसांचं पथ्य

पिवळी जेली पाचव्या मिनिटाला गुलाबी झाली.

डॉक्टरांनी जेलीची ती बोटभर पट्टी टेबलावर ठेवली. दुर्बिणीनं गोदाबाईंच्या पोटातून काढलेला तिळाएवढा तुकडा तिच्यात रुतून बसला होता. अंजनगावाहून सकाळच्या एसटीनं तिघं अमरावतीला आली होती. गोदाबाई, त्यांचा मुलगा विपुल आणि सून पौर्णिमा.

"या जेलीत युरिया असतो," डॉक्टर म्हणाले. "तुकड्यात जंतू असला, की त्याच्याजवळचं एन्झाइम तो युरिया फोडतं. अमोनिया होतो, रंग पालटतो. याच अमोनियाच्या आडोशानं हा जंतू पोटातल्या ॲसिडमध्ये वर्षानुवर्षं जगतो. जठर सुजवत ठेवतो."

"युरिया म्हंजे वावरातलाच?" विपुलनं विचारलं.

"तोच. थोडा सगळ्यांच्याच अंगात असतो."

"मंग पीक तं येईनच," गोदाबाई म्हणाल्या. घसा बधिर करणाऱ्या फवाऱ्यानं त्यांची जीभ जड झाली होती. भाजीबाजारात त्यांच्या अशा बोलण्यावर दहा बाया हसायच्या. इथं कोणी हसलं नाही. जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ होती. पक्का अहवाल आठवड्यानं यायचा होता, पण डॉक्टरांच्या आवाजात तो आजच आला होता.

विपुलनं पिशवीतून जुनी फाइल ओढून काढली. "दोन वर्सांआधी अकोल्याले हेच केलं होतं, साहेब. तवा पिवळंच राह्यलं. जंतू नाही म्हने, तिखट कमी करा म्हने. त्या डॉक्टरले आता सोडत नाही मी."

"तेव्हा सापडला असता तर?" पौर्णिमानं विचारलं.

"चौदा दिवसांचं औषध होतं. गाठ झालीच नसती असं मी म्हणणार नाही. पण धोका बराच कमी झाला असता." फाइल चाळता चाळता डॉक्टर थांबले. "ॲसिडिटीच्या औषधानं जंतू दबून राहतो. एन्झाइम कमी पडतं आणि ही तपासणी फसते. म्हणून आधी पंधरा दिवस ते औषध बंद ठेवतात. इथं लिहिलंय तसं. बंद होतं ना?"

"एकदम बंद," विपुल म्हणाला. "आमची आई लय पक्की हाय जी. नाही म्हंजे नाही."

पौर्णिमानं फाइलमधल्या त्या ओळीवरून नजर काढली.

गोदाबाईंनी ते पथ्य उपवासासारखं पाळलं होतं. पोट धरून मेथीच्या गाठोड्याला टेकून बसायच्या. भाकरी पाहिली की तोंड फिरवायच्या. चौथ्या दिवशी पौर्णिमाला राहवलं नाही. खुशी तेव्हा दहा महिन्यांची होती. लेकीचा दहीभात कालवता कालवता तिनं दुसरी वाटी कालवली. घरात पडलेली ॲसिडिटीची कॅप्सूल उघडून तिच्यातले पांढरे दाणे त्या वाटीत मिसळले. मग एक घास खुशीला, एक घास सासूला.

"मले काय हात नाहीत का वं? लेकरू समजली का मले?" गोदाबाई खेकसायच्या आणि तोंड उघडायच्या.

दोन-तीन दिवसांत दुखणं निवळलं. एवढ्याशा दाण्यांनी तपासणीला काय होणार, असं तिला वाटलं. अकोल्याला जायच्या दिवसापर्यंत ती रोज भरवत राहिली. कोणाला बोलली नाही. जेली पिवळी राहिली तेव्हा तिनं देवापुढं साखर ठेवली होती.

"अहो, मी..." ती म्हणाली. विपुलनं मान वळवली.

"म्या खाल्ली दवाई," गोदाबाई म्हणाल्या. "सहन नाही झालं मले. चोरून खाल्ली. त्या अकोल्याच्या माणसाले शिव्या नको देऊ."

विपुल आईकडे पाहतच राहिला. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांचा कागद दिला, तो घेऊन तो पैसे भरायला गेला. चालताना त्याचा खांदा दाराला लागला, तेही त्याला कळलं नाही.

बाहेरच्या बाकावर दोघीच उरल्या. पौर्णिमा सासूच्या पायाशी खाली फरशीवर बसली.

"आई, तुमाले मालूम होतं?"

"मालूम नाही व्हाले काय झालं? जिभेले लागत होते ना दाणे. पयल्याच घासाले समजलं."

"मंग थुकल्या काहून नाही तुमी? डॉक्टरनं बंद सांगतलं होतं ना!" पौर्णिमाला आता हुंदका आवरेना.

गोदाबाईंनी बधिर ओठ पदरानं पुसले.

"माय मेली तवा मी चार वर्सांची होती. तवापासून मले कोणी भरवलं नोयतं, बाई. थुकू कशी?"