एका दिवसाची आई

कुंदा ढमढेरे यांच्या पत्राला नोंदणी कार्यालयातल्या यंत्राचं काम बघणाऱ्या केळुसकरांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘यंत्रानं एक दिवस मला मुक्ताची आई मानलं आणि दुसऱ्या दिवशी परकी केलं. का?’ एवढंच त्यात होतं.

आज त्या स्वतःच कार्यालयात आल्या. मुक्ताचं ऑपरेशन उद्यावर होतं, आणि संमतीला आईच लागत होती. सगळी नाती यंत्राच्या कोडनं ठरत, आणि त्यात आई म्हणजे फक्त जन्म देणारी.

“तिची आई बाळंतपणातच गेली, वाढवलं मी,” कुंदाबाई म्हणाल्या. “संमतीच्या सहीला तिला वरून बोलावू का?”

“तेव्हा मी यंत्राच्या तयार कोडमध्ये हातानं बदल केला होता,” केळुसकर पुटपुटले. “जनरेटर, म्हणजे कोड तयार करणारा प्रोग्राम, रोज पहाटे तो कोड नव्यानं लिहितो. माझा बदल पुसला गेला. आईचं वेगळं मॉडेल, म्हणजे व्याख्या, करून जनरेटरच्या सेटिंगमध्येच जोडायला हवं होतं.”

“म्हणजे चूक ठाऊक होती.”

“हो. लाज वाटली.”

“तुमची लाज सांभाळायला माझी पोर?”

केळुसकरांनी मॉडेल लिहिलं: आई, जन्म देणारी किंवा वाढवणारी. ते सेटिंगमध्ये जोडून त्यांनी जनरेटर दोनदा चालवला. दोन्ही वेळा कुंदाबाईंचं नाव टिकलं. कुंदाबाईंनी संमतीवर सही केली.

“उपकार केल्यासारखं बघू नका,” त्या उठत म्हणाल्या. “पत्राचं उत्तर अजून बाकी आहे. टपालानं पाठवा.”

त्या गेल्यावर केळुसकरांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर ‘चूक यंत्राची नव्हती, माझी होती’ असं लिहून सही केली, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं.