पोती घातलेले तिघे

मल्लिकार्जुन आणि त्याचे दोन मित्र चारा छावणीतली पेंडीची रिकामी पोती डोक्यावर ओढून गायचे आणि गाणी मोबाईलवर सोडायचे. तोंडं दाखवली असती, तर साखर कारखान्यानं त्यांच्या घरच्या उसाला तोडच दिली नसती, ऊस शेतातच वाळला असता. त्यात मल्लिकार्जुनचे वडील, आप्पा, त्याच कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. गावाच्या नावाचे पाण्याचे टँकर कारखान्यात कसे रिकामे होतात, हे सांगणारं त्यांचं गाणं बीडपासून गेवराईपर्यंत टपरीटपरीवर वाजत होतं.

कारखान्याच्या चेअरमननं गाळप हंगामाच्या शुभारंभाला या बँडला जाहीर निमंत्रण दिलं. तिघांनी ठरवलं, गायला जायचं नाही.

तरीही उसाची पहिली मोळी टाकून झाल्यावर स्टेजवर पोती घातलेले तिघे आले. चाल तीच होती. शब्द मात्र चेअरमननं दुष्काळात तालुका कसा जगवला, याचे. पोत्यातून कुणाचाही आवाज सारखाच येतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"रोज काट्यावर चोरून ऐकायचो ह्या पोरांला," गर्दीत मल्लिकार्जुनशेजारी उभे असलेले आप्पा हळूच म्हणाले. "वाटायचं, कुणीतरी हाय आपल्या बाजूनं. शेवटी इकली गेलीच."

"आप्पा, ही ती पोरं न्हाईत."

"तुला काय ठाव?"

मल्लिकार्जुन आप्पांच्या कानाकडं वाकला.

"टाळ्या वाजव," आप्पा म्हणाले. "चेअरमनसाहेब इकडंच बघायलेत."