डबीतल्या बावीस गोळ्या

“काका, उठायचं नाही. बाथरूमलासुद्धा नाही!” सिस्टरने बाबांच्या पाठीशी दोन उशा रचल्या, शर्टाची बटणं सोडली. बाबांच्या छातीत कळ येत होती. कपाळ घामाने डबडबलं होतं. लेक पलंगाशीच उभी होती. जीव नुसता टांगणीला लागलेला, आणि डोळे मात्र सिस्टरच्या हातांवर.

महिनाभर तिचं हेच चाललं होतं. बाबांसाठी घरी ठेवलेल्या आधीच्या नर्सबाईने कपाटातली औषधं लांबवून बाहेर विकली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो; लेक तर पाणीही फुंकून प्यायला लागली. ही नवी सिस्टर गोड बोलायची, वेळेवर यायची. इतकी चांगली कशी, हाच तिला संशय! बाबांच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या तपकिरी काचेच्या बाटलीत असत. आत किती उरल्या, धड दिसायचं नाही. लेकीने त्या सगळ्या प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत काढल्या, डबी खिडकीत ठेवली आणि बाटली टाकून दिली कचऱ्यात. जाता-येता मोजायची. बावीस म्हणजे बावीस.

मागच्या आठवड्यात सिस्टर “ताई, या गोळ्या अशा...” म्हणत डबीकडे वळली, तर लेकीने तिला तिथल्या तिथे झापलं. “त्या डबीला हात लावायचं काम नाही. सांगून ठेवते!” सिस्टर गप्प बसली. गप्प बसली, म्हणजे मनात काळंबेरं असणारच.

आता सिस्टरने अँब्युलन्सला फोन करून पत्ता सांगितला. रक्तदाब मोजला. कळ सुरू झाल्याची वेळ पेनाने स्वतःच्या तळहातावर लिहिली.

“ताई, बाहेरचं दार उघडून ठेवा. त्यांचा वेळ जायला नको.”

मला खोलीबाहेर घालवतेय की काय ही? लेक धावत गेली आणि धावतच परत आली. खिडकीतली डबी जागच्या जागी होती. सिस्टरच्या हातात मात्र एक तपकिरी बाटली होती, आणि ती निघाली होती बाबांच्या उशीखालून.

लेकीने तिचं मनगट पकडलं. “हे कुठून आणलंत? काय देताय त्यांना?”

“ताई, आधी हात सोडा. मग हवं तर पोलिसांना बोलवा.”

बाबांनीच तोंड उघडलं आणि जीभ वर केली. लेकीचा हात आपोआप सुटला. सिस्टरने गोळी ठेवली आणि घड्याळाकडे बघत बसली. ती पाच मिनिटं लेकीला खायला उठली. मग बाबांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. “थोडं बरं वाटतंय गं,” ते पुटपुटले.

एवढ्यात अँब्युलन्सचा माणूस जिना चढून आला. कोणती गोळी दिली, असं विचारताच लेकीने डबी त्याच्यापुढे धरली. “यातली एकही दिली नाही! पुरत्या बावीस आहेत. मोजून बघा!”

त्याने डबी उजेडात धरली. “दिली नाही तेच बरं. या गोळ्या बाटलीतून काढल्या कुणी? हवा-उजेड लागला की यांचा जोर जातो. आता या असून नसल्यासारख्या.”

“माझ्याकडून झालं,” सिस्टर पटकन म्हणाली. “डबी सोयीची वाटली.”

महिनाभर लेक हिच्या तोंडून कबुली काढायला टपली होती. मिळाली ती ही! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाही हो,” ती म्हणाली, “मी काढल्या. मीच.”

“नवी बाटली मीच आणायला लावली, बये,” स्ट्रेचरवरून बाबा म्हणाले. “डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. तुला सांगायची कुणाची छाती होती?”

“काका, बोलू नका,” सिस्टरने दटावलं.

खाली अँब्युलन्सचं दार उघडलं. “आत एकालाच बसता येईल,” तो माणूस म्हणाला. “कोण येतंय?”

महिनाभरात लेकीने बाबांना सिस्टरजवळ पाच मिनिटंही एकटं सोडलं नव्हतं. भाजीलासुद्धा गेली नव्हती. तिने आपल्या हातातला बाबांचा हात सोडवला आणि सिस्टरच्या हातात दिला.

“सिस्टर बसतील. मी मागून रिक्षाने येते.”