उतरल्याची बातमी

"पॅराशूट उघडलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"कळेल आता," जावई म्हणाला. त्याची नजर लॅपटॉपवरून हलत नव्हती.

पडद्यावर एकसारखे शर्ट घातलेली माणसं आपापल्या टेबलाशी बसली होती. मंगळावर एक यान उतरत होतं. त्यात माणूस नव्हता. खाली पोहोचायचं आणि तिथली माती तपासायची, एवढंच त्याचं काम. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, पण अशा प्रत्येक यानाची खबर त्याला असायची. कोणतं कधी निघालं, कोणतं नीट उतरलं, कोणतं आपटून फुटलं, सगळं तोंडपाठ. बायको चिडवायची, "तुझी दुसरी सासुरवाडी आहे का रे तिकडे?" आणि तरी शेजारी बसून राहायची.

ती गेल्याला आता वर्ष होत आलं होतं. तिची आई आठवडाभर राहायला आली होती, उद्या परत जाणार होती. दुपारी त्यांचा डोळा लागला की हेडफोन लावून एकट्यानेच बघायचं, असं जावयाने ठरवलं होतं. पण त्या मघाशी उठून आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"लेक सांगायची मला फोनवर. यान उतरायचं असलं की तुमच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणून. ते कानातलं काढा. मलाही ऐकू दे."

"त्यांचं बोलणं तुम्हाला कळायचं नाही, आई."

"न कळायला काय झालं? तोंडं दिसतायत की."

आठवडाभर दोघं सगळ्याबद्दल बोलले होते. गळका नळ, त्यांचे गुडघे, वरच्या मजल्यावरचं भांडण. फक्त त्या एका दिवसाबद्दल नाही.

त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये बायकोने प्राण सोडला. सासूबाई दूर, एकट्या राहणाऱ्या. बसने अख्ख्या दिवसाचा प्रवास. वाटेत त्यांचंच काही बरंवाईट झालं तर, म्हणून त्याने फोनवर सांगितलं, "तब्येत जरा जास्त बिघडलीय. तुम्ही निघा."

"बोलते का ती?" त्यांनी विचारलं होतं.

"झोपलीय," तो म्हणाला होता.

संध्याकाळी त्या आल्या. पिशवीत लेकीसाठी स्वतः शिवलेला गाऊन होता. सलाईनच्या हाताला त्रास नको म्हणून पुढून बटणं केली होती. दाराशी माणसं उभी दिसली आणि त्यांना कळलं. त्यानंतर त्यांनी त्याला एका शब्दानेही विचारलं नाही. नातेवाइकांनी मात्र ऐकवलं, "म्हातारीला फसवून आणलंस." त्यांच्याही मनात तेच असणार, असं तो धरून चालला होता. एकदा तोंडावर बोलून मोकळं व्हावं त्यांनी, असं त्याला वाटायचं. त्याचीच भीतीही वाटायची.

"उघडलं," जावई म्हणाला.

"बरं झालं बाई. आता येईल हळूहळू खाली."

"आलंसुद्धा असेल, आई."

"ते कसं?"

"मंगळ फार लांब आहे. तिथला निरोप इथे यायला दहा-बारा मिनिटं लागतात. आपण ऐकतोय ते सगळं मघाचं. तिथे जे व्हायचं ते होऊन गेलंय. एकतर ते नीट उभं आहे, नाहीतर त्याचा चुरा झालाय. फक्त आपल्याला अजून..."

तो मध्येच थांबला. आपण हे कोणाला सांगतोय, ते त्याच्या लक्षात आलं.

सासूबाई पडद्याकडेच बघत होत्या. "आणि आपल्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"आपल्यासाठी ते अजून वरच आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

पडद्यावर कोणी हलत नव्हतं. एक बाई तोंडावर हात धरून बसली होती. मग एकदम सगळी माणसं उठली. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं. एक टकला गृहस्थ चष्मा वर करून डोळे पुसत होता.

"पोहोचलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे मी इथे येऊन बसले, तेव्हाच ते खाली उभं होतं म्हणा."

"हो. आपण उगाच जीव मुठीत धरून बसलो."

"उगाच कसं?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पडद्यावर टाळ्या चालू होत्या. जावयाने आवाज बंद केला.

"त्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई होती," त्या म्हणाल्या. "वाटभर मी तिला लेकीचं सांगत होते. लहानपणी केस विंचरायला म्हणून बसायची नाही, अर्धी वेणी घेऊन घरभर पळायची, ते. बरी झाली की महिनाभर घेऊन जाणार, कोणाचं ऐकणार नाही, तेही सांगितलं. गाऊनचं एक बटण लावायचं राहिलं होतं. ते लावत होते आणि बोलत होते. इतक्या हसलो आम्ही दोघी की पुढचा माणूस वळून बघायला लागला."

"आई, मी तेव्हा तुम्हाला..."

त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"तुमच्यासाठी ती सकाळीच गेली, जावईबापू. माझ्याकडे संध्याकाळपर्यंत होती."