महागडं कार्ड

"परत एकदा चालव," निनाद तिसऱ्यांदा म्हणाला, तशी शाल्मलीने कपाळावर हात मारला. संगणकात गेमची दृश्यं पडद्यावर आणणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना करणारा व्हिडिओ आजच त्यांच्या चॅनलवर जायचा होता. कंपनीने फुकट पाठवलेलं, दुप्पट मेमरीचं महागडं कार्ड प्रत्येक गेममध्ये रखडत होतं. दोघांनी विकत आणलेलं स्वस्तातलं कार्ड मात्र सुसाट धावत होतं.

"तापलं असेल," म्हणत निनादने टेबलफॅन आणून त्याच्यासमोर लावला. तिने पुन्हा चाचणी घेतली. गेममधली गाडी त्याच वळणावर अडकली.

"आता काय, लिंबूसरबत पाजू त्याला?"

निनाद हिरमुसला. "दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत, एवढंच म्हणू या. नाहीतर कंपनीवाले आपल्याला पुन्हा काही पाठवायचे नाहीत."

"नाही पाठवलं तर विकत आणू. आपले व्हिडिओ बघणारी परभणीची एक मुलगी काल लिहीत होती, 'ताई, तुम्ही सांगाल तेच कार्ड घेईन.' तिला काय सांगू? आपापल्या जागी?"

निनाद उठला. त्याने कॅमेरा सुरू केला.

"सांग तिला खरं ते," तो म्हणाला, "फक्त माझ्यावर चिडलीस तशी तिच्यावर चिडू नकोस."