भिंतीतली आळी

खलिफाच्या नव्या मशिदीच्या भिंतीवर हुबैश काचेचे बारीक तुकडे बसवून घरं, झाडं, नदी साकारत होता. माणूस मात्र काढायचा नाही, असा दंडक. दमास्कसमध्ये त्याला करमेना, म्हणून त्यानं गुपचूप आपल्या गावची आळीच भिंतीवर उतरवली, रोज एक घर.

सातव्या दुपारी गावचा खेचरवाला वहब आला.

"हुबैशभाऊ, तुमच्या आळीत काय चाललंय? रोज एक घर रिकामं होतंय. चुली गरम, भाकऱ्या तशाच, माणसं गायब!"

"कुणाकुणाची घरं?"

वहबनं सहा नावं सांगितली. हुबैशनं घरं बसवली होती त्याच क्रमानं.

"आणि माझी आई?"

"आज पहाटे निघालो तेव्हा दारातच बसली होती की. हे जर्दाळू दिलेत तुम्हाला."

सातवं घर आईचं होतं. दाराचा शेवटचा तुकडा हुबैशनं आत्ताच दाबला होता. छिन्नी घेऊन तो धावत परांचीवर चढला. मघाचा ओला चुना दगडासारखा झाला होता. छिन्नी बोथटली, पण टवका उडेना.

तेवढ्यात काचेच्या दारावर आतून थाप पडली.

"हुबैश, बाळा, दार उघडत नाहीये रे."